चित्रांची जबानी

वाङ्मयाच्या वर्गात चित्रांचे पुस्तक उघडले की शिकवणाऱ्याची मोठी पंचाईत होते. कवितेचे वृत्त, कादंबरीचा निवेदक, नाटकातील स्वगत यांविषयी बोलावयाची परिभाषा त्याला परंपरेने आयती मिळालेली असते आणि तिच्या आधारावर तो तासामागून तास निभावून नेतो. परंतु ज्या पानावर शब्द मोजके आणि रेषा अगणित, अशा पानापुढे ती परिभाषा लुळी पडते, आणि मग त्या मोजक्या शब्दांवर पाऊण तास बोलून झाल्यावर उरलेल्या पानाची तो ‘चित्रे फार सुंदर आहेत’ एवढ्या एका वाक्यावर बोळवण करतो. विद्यार्थीही ते वाक्य इमानेइतबारे वहीत टिपून घेतात. वसईत वाङ्मयप्रेमी तरुणांचा एक छोटेखानी अभ्यासवर्ग चालविताना नाना महाविद्यालयांतून आलेल्या मुलांच्या वह्यांत हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे की, चित्ररूप आत्मकथन वाचावयाचे म्हणजे नेमके काय वाचावयाचे, या प्रश्नाची थोडी फोड सामान्य वाचकापुढे करावी असे वाटू लागले.

हा वाङ्मयप्रकार जगात तसा अर्वाचीनच म्हणावयाचा. अमेरिकेतील आर्ट स्पीगलमन यांनी आपल्या पित्याने नाझींच्या छळछावणीत सोसलेल्या यातनांची हकीकत ‘माउस’ या नावाने १९८६ आणि १९९१ अशा दोन भागांत रेखाटली, तीत ज्यूंना उंदरांची आणि जर्मनांना मांजरांची तोंडे दिली, आणि १९९२ साली या पुस्तकाला पुलित्झरचे खास पारितोषिक मिळाल्यावर विद्वानांच्या कपाळावरील आठ्या हळूहळू कमी झाल्या. इराणच्या मार्जान सात्रापी यांनी इस्लामी क्रांतीच्या काळातील आपले बाळपण ‘पर्सेपोलिस’ या फ्रेंच चित्रमालिकेत २००० ते २००३ या काळात चार भागांत सांगितले. मराठी वाचकाला यातले अर्धे अंग तर पूर्ण परिचयाचे आहे, कारण दया पवारांच्या ‘बलुतं’पासून बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’पर्यंत आणि पुढे ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’पर्यंत आत्मकथनाने आपल्या वाङ्मयाला जेवढे हलविले तेवढे अन्य कोणत्या प्रकाराने हलविले असेल असे मला वाटत नाही. दुसरे अंगही आपल्याला परके नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतील एकेक चित्र प्रेक्षकांपुढे धरून रामायण-महाभारतातील आख्याने गाऊन सांगत आले आहेत. आणि अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाचा तो दानशूर राजपुत्र एकाच भिंतीवर पुनःपुन्हा भेटतो, एका प्रसंगातून निघून दुसऱ्यात शिरतो, आणि दोन प्रसंगांमध्ये आखलेली रेघ म्हणून कोठे दिसत नाही. मात्र आत्मकथन आणि चित्रकथन हे दोन प्रवाह आपल्याकडे वेगवेगळ्या खोऱ्यांतून वाहत राहिले. त्यांचा संगम जेथे झाला ते पुस्तक मराठी मुलखातील एका मुलाच्या तहानेचे आहे, आणि त्याची चित्रे काढणारे हात मात्र मध्य प्रदेशातील आहेत.

ते पुस्तक म्हणजे ‘भीमायन’. दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने ते २०११ साली इंग्रजीत प्रसिद्ध केले. चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची, संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची, प्रस्तावना जॉन बर्जर या विख्यात कलासमीक्षकाची. दुर्गाबाईंना पुढे २०२२ साली पद्मश्री मिळाली. दिल्ली विद्यापीठाच्या इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमातही या पुस्तकाने प्रवेश मिळविला. परंतु चित्रांकडे वळण्यापूर्वी ज्या मजकुराच्या पायावर ते उभे आहे त्याची ओळख करून घेणे अगत्याचे आहे. तो पाया न पाहता चित्रांची चर्चा करणे म्हणजे मूळ दस्तऐवज न वाचता मुकदमा चालविणे होय.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५-३६ च्या सुमारास ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या शीर्षकाखाली काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या होत्या. त्यांच्या हयातीत त्या छापल्या गेल्या नाहीत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली त्या पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केल्या, आणि पुढे महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात त्यांचा समावेश झाला. त्यातील पहिली आठवण १९०१ सालची. वडील खटाव तालुक्यात, दुष्काळपीडितांना काम मिळावे म्हणून सरकारने चालविलेल्या तलावाच्या खोदाईवर खजिनदाराच्या हुद्द्यावर, मुले साताऱ्यास. उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांकडे जावयाचे म्हणून नवे कपडे, नक्षीदार टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे असा जामानिमा करून नऊ-दहा वर्षांचा भीम, त्याचा थोरला भाऊ आणि भाचरे आगगाडीने मसूर स्थानकावर उतरतात. वडिलांना धाडलेले पत्र त्यांच्या नोकराच्या विसराळूपणामुळे त्यांच्या हाती पडलेलेच नसते, सबब उतरून घ्यावयास कोणी येत नाही. स्टेशनमास्तर आस्थेने चौकशी करतो, मुले महार असल्याचे कळताच त्याचा चेहरा पालटतो, आणि बैलगाडीवाल्यांपैकी एकही गाडी जोडावयास तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून, मुलांनीच बैल हाकावेत आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे असा सौदा ठरतो. शिधा भरपूर, पाणी मात्र कोणी देत नाही. रात्री टोलनाक्यावर मुले आपण मुसलमान असल्याची बतावणी करून, उर्दू बोलून पाणी मागून पाहतात, तेथेही नकारच पदरी पडतो, आणि भरल्या डब्यांशेजारी उपाशी झोपण्याची वेळ येते.

ही सारी हकीकत बाबासाहेबांनी ज्या गद्यात लिहिली आहे ते गद्य न्यायालयात दिलेल्या जबानीसारखे आहे. वेळ, अंतर, भाडे, कोण काय बोलले, याची नोंद. आक्रोश जवळपास नाही. वाचकाच्या मनात जो संताप उसळतो तो लेखकाने शब्दांत मांडलेला नसतो, त्याने गाळलेल्या जागेतून तो वर येतो. अशा कोरड्या, संयमी जबानीला चित्र जोडावयाचे म्हणजे तिच्यावर दागिने चढविण्याचा धोका असतो, आणि ‘भीमायन’ वाचताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच की, चित्रकारांनी मजकूर सजविला आहे की स्वतः साक्ष दिली आहे.

याचे उत्तर पानाच्या मांडणीत सापडते, आणि त्यासाठी चौकटीविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. ‘अमर चित्रकथा’ वाचून वाढलेल्या प्रत्येकाला पानाचे चौकटींत झालेले वाटप इतके अंगवळणी पडलेले असते की त्याला त्यात काही युक्ती आहे असे वाटतच नाही. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकाराने १९९३ साली ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ या पुस्तकात, जे स्वतःच चित्रकथेच्या रूपात आहे, ही युक्ती उलगडून दाखविली. दोन चौकटींमध्ये जी कोरी फट असते तेथे काहीच काढलेले नसते, तरीही कथेतील पुष्कळसा भाग तेथेच घडतो. एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड, पुढच्या चौकटीत रात्रीच्या शहरावर घुमणारी किंकाळी. मधला घाव चित्रकाराने काढलेला नाही, तो वाचकाने आपल्या मनात घातलेला आहे, म्हणजे त्या खुनात वाचकाचाही हात आहे, असे मॅक्लाउडचे म्हणणे. चौकट ही काळाचे तुकडे करते, नजरेला हुकूम देते, आणि काय दिसावे यापेक्षा काय दिसू नये हे अधिक काटेकोरपणे ठरविते. ‘पर्सेपोलिस’चे पहिलेच पान याचा उत्तम दाखला आहे. पहिल्या चौकटीत हिजाब घातलेली दहा वर्षांची मुलगी एकटी बसलेली आहे. शेजारच्या चौकटीत तिच्या वर्गातील मुलींचे छायाचित्र, सगळ्या तशाच हिजाबात, आणि आपली नायिका त्यात असूनही नसल्यासारखी, कारण चौकटीच्या डाव्या कडेने तिला कापून टाकले आहे. राजवटीने व्यक्तीचे काय केले हे सांगावयास इतिहासकाराला एक प्रकरण लागले असते. सात्रापींनी ते एका उभ्या रेघेवर भागविले. आत्मकथनाच्या आरंभीच आत्मकथनाचा ‘मी’ कडेने छाटला जातो, यातील उपरोध वर्गात समजावून सांगावा लागत नाही, नुसते बोट ठेवले की पुरते.

आता ‘भीमायन’ उघडा. चौकटी नाहीत. गोंड घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर सणासुदीला, लग्नकार्याला ज्या भौमितिक नक्षीची आखणी करतात, जिला ‘दिग्ना’ म्हणतात, ती नक्षी पानावरून वळसे घेत जाते, एका प्रसंगाला कवेत घेते, तेथून वळून दुसऱ्याला जागा करून देते. व्याम दांपत्याची याबाबतची भूमिका स्पष्ट होती: आपल्या पात्रांना खोक्यांत कोंबावयाचे नाही, त्यांचा जीव गुदमरतो, आपली कला मोकळ्या जागेची आहे. एरवी हा केवळ शैलीचा आग्रह म्हणून सोडून देता आला असता. परंतु पुस्तकाचा विषय काय आहे? कोणी कोठे बसावे, कोणत्या पाणवठ्यावर जावे, कोणाच्या गाडीत चढावे, याची चौकट जन्मतः आखून ठेवणारी समाजव्यवस्था हाच त्याचा विषय आहे. शाळेत इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या आणि रोज घरी परत न्यावयाच्या गोणपाटाच्या तुकड्यावर भीम बसत असे. तो गोणपाटाचा तुकडा ही एक चौकटच होती. ज्या मुलाला व्यवस्थेने तसे चौकोनात बसविले त्याची कथा सांगताना त्याला पुन्हा चौकोनात बसवावयाचे नाही, हा निर्णय म्हणजे चित्रकारांनी शब्दाविना उच्चारलेले मत आहे, आणि वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने शोधावयाची ती ही जागा. रूपबंध हाच येथे युक्तिवाद झाला आहे.

तथापि यावरून चौकट म्हणजे कैद असे समीकरण पाठ करून परीक्षेत लिहून टाकण्याचा मोह आवरला पाहिजे, आणि तो आवरण्याची सोय आपल्या पालघर जिल्ह्यातच आहे. वारली घरात लग्नाच्या वेळी सवाष्णी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जो लग्नचौक लिहितात, तो नावाप्रमाणे चौकोनच असतो. चहूबाजूंनी नक्षीच्या दाट पट्ट्या, मध्ये पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणत असते आणि तिच्या साक्षीने देवता त्या चौकात येऊन बसते. माणसे, झाडे, गुरे, तारप्याचा फेर हे सगळे चौकाच्या बाहेर मोकळे पसरलेले. म्हणजे येथे चौकटीत बसण्याचा मान देवाचा, आणि जी जागा आखून वेगळी काढली ती अपमानाची नव्हे, पावित्र्याची. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी १९७० च्या दशकापासून हे चित्र भिंतीवरून कागदा-कापडावर आणले तेव्हा बहुधा चौकाबाहेरचे जगच सर्व पृष्ठभाग व्यापून राहिले. तात्पर्य इतकेच की चौकटीला स्वतःचा असा कायमचा अर्थ नाही. ती कोणी आखली, आत कोणाला ठेवले आणि बाहेर कोणाला, हे विचारल्याशिवाय तिचे वाचन पुरे होत नाही. पूर्वेकडच्या पाड्यावरून आमच्या वर्गाला येणाऱ्या एका वारली मुलाने ही गोष्ट मांडली तेव्हा गोंड आणि वारली चित्रांना सरसकट ‘आदिवासी चित्रकला’ या एका गाठोड्यात बांधून मोकळे होणाऱ्या आम्हा शहरी मंडळींची काही काळ वाचाच बसली.

चौकटीनंतर फुगा. कॉमिक्समध्ये पात्राचे बोलणे ज्या फुग्यात लिहितात त्याचा आकार सहसा कोणी पाहत नाही. व्याम दांपत्याने फुग्याचे तीन प्रकार केले आहेत. जे सौम्य आहेत, जे सोसतात, त्यांच्या बोलण्याला पक्ष्याचा आकार. ज्यांच्या वाणीत जातीचे विष आहे त्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी. आणि जे बोलले जात नाही, नुसते मनात येते, त्या विचाराच्या फुग्यात एक डोळा, मनःचक्षूच म्हणावा असा. फुग्याचे शेपूट बोलणाऱ्याच्या तोंडाकडे वळलेले असावे हा कॉमिक्सचा जुना संकेत, आणि विंचवाची नांगी तर शेपटालाच असते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्याने डंख नेमका बोलणाऱ्याच्या मुखाशी जाऊन टेकतो. आमच्या वर्गात एक साधा प्रयोग केला होता. पानावरील सर्व अक्षरे कागदाच्या पट्ट्यांनी झाकली, फुग्यांचे काठ तेवढे उघडे ठेवले, आणि या पानावर कोण कोणाला दुखावत आहे ते सांगा असे विचारले. इंग्रजीची धास्ती असलेली मुले, जी एरवी मागच्या बाकावरून मान वर करीत नसत, ती त्या दिवशी सर्वांत आधी बोलली.

आणि तरी हाच फुगा मला थोडा खटकतो, हेही सांगितले पाहिजे. नांगी पाहताच वाचकाने कोणाचा तिरस्कार करावयाचा हे ठरून जाते. बाबासाहेबांचे गद्य असे आधी ठरवून देत नाही. मसूरच्या त्या स्टेशनमास्तरचेच पाहा. मुलांची जात कळताच तो किळस आल्यासारखा निघून जातो, परंतु अर्ध्या तासाने परत येतो, आता काय करणार म्हणून विचारतो, आणि दुप्पट भाड्याचा तो तोडगा निघतो तो त्याच्याच मध्यस्थीने. तो क्रूर होता की दुबळा होता, त्याला लाज वाटली की फलाटावरची अडचण दूर करावयाची होती? गद्याने हा प्रश्न उघडा ठेवला आहे, आणि अस्पृश्यतेचे खरे भीषण स्वरूप त्या उघड्या प्रश्नातच आहे, कारण ती चालविण्यास दुष्ट माणसांची गरज लागत नाही, शिष्टाचारसंपन्न माणसेही ती बिनबोभाट चालवू शकतात. म्हणून विद्यार्थ्यांना मी असे सुचवितो की मूळ आठवण आधी वाचावी, स्टेशनमास्तरच्या प्रत्येक वाक्याला पक्षी द्यावयाचा की नांगी याचा आपला निवाडा कागदावर लिहून ठेवावा, आणि मगच व्यामांचे पान उघडून त्यांचा निवाडा पाहावा. दोन्हींत तफावत पडली तर चर्चेला खरा आरंभ झाला असे समजावे.

चित्रांतील प्राण्यांविषयी मात्र माझी काही तक्रार नाही. पुस्तकाचे तीन विभाग आहेत: पाणी, निवारा आणि प्रवास. पाण्याच्या विभागात जलचरांचा संचार. निवाऱ्याच्या विभागात, म्हणजे १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झालेल्या उच्चविद्याविभूषित आंबेडकरांना पारशी नावाने विश्रामगृहात लपून राहावे लागले आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने हुसकून लावले त्या प्रकरणात, पारंब्यांचा वड. आणि आगगाडी येते ती नागमोडी सापाच्या रूपात. सुधारणेचे वाहन म्हणून एकोणिसाव्या शतकाने जिचे पोवाडे गाइले ती आगगाडी येथे जनावर होऊन सरपटते. दररोज विरार लोकलच्या दारात एका पायावर उभे राहून चर्चगेट गाठणाऱ्या आमच्या मुलांना या सापाचा अर्थ समजावण्याची पाळी माझ्यावर आली नाही. गोंड चित्रपरंपरेत माणूस, प्राणी आणि वस्तू यांच्यामध्ये पक्की सरहद्द नसते, त्यामुळे स्पीगलमनच्या उंदरांप्रमाणे येथील प्राणी हा मुखवटा राहत नाही. ‘माउस’च्या दुसऱ्या भागात स्वतः लेखक उंदराचा मुखवटा दोरीने बांधून प्रेतांच्या राशीवर मांडलेल्या टेबलाशी बसलेला दिसतो, आणि ती दोरी मुद्दाम दिसू दिलेली आहे, कारण प्राण्याचे रूप ही तेथे कबूल केलेली लबाडी आहे. व्यामांच्या चित्रांत दोरी नाही. त्यांच्या जगात ती लबाडी नव्हतीच.

पाण्याचा विभाग वसईत वाचताना वाचनाला आणखी एक परिमाण येते. येथे बावखले, म्हणजे गावातील लहान तळी, बुजताना आणि विहिरी मचूळ होताना पाहिलेली एक पिढी अजून हयात आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली टँकरने होणाऱ्या पाणीउपशाविरुद्ध लोकांना रस्त्यावर आणले, ते याच भूमीत. आज सूर्या प्रकल्पाचे पाणी शहराला मिळते, तरी नालासोपारा-विरारच्या किती इमारतींचा दिवस टँकरच्या वेळापत्रकाने ठरतो हे तेथील रहिवाशांना विचारावे. मात्र ही तुलना सावधपणे करावयास हवी. टंचाईची तहान आणि नाकारलेल्या पाण्याची तहान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत पाणी नसते, दुसरीत ते डोळ्यांपुढे काठोकाठ भरलेले असते. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जो सत्याग्रह झाला, ज्याची हकीकत ‘भीमायन’नेही याच विभागात घेतली आहे, त्या तळ्याला पाण्याची वाण नव्हती.

पुस्तकातील सर्वांत अशक्त भाग कोणता असे कोणी विचारले तर मी बसथांब्यावरील त्या संवादाकडे बोट दाखवीन. राखीव जागांविषयी कुरकुरणारा एक तरुण आणि त्याला बाबासाहेबांची कथा ऐकविणारी एक तरुणी यांच्या बोलण्याच्या मखरात सगळी कथा बसविली आहे. हेतू शंभर टक्के शुद्ध. परिणाम पुष्कळदा निबंधासारखा. जेथे शब्द प्रचाराला लागतात तेथे चित्रेही काहीशी सुस्तावतात. याउलट १९०१ च्या कथेशेजारी खैरलांजीच्या २००६ च्या हत्याकांडासारख्या आजच्या अत्याचारांच्या बातम्या ठेवण्याची कल्पना मला मोलाची वाटते, कारण आठवणीला ‘गेले ते दिवस’ म्हणून निजविण्याची वाचकाची खोड त्या बातम्या मोडतात. छापील वृत्तपत्राची रूक्ष भाषा आणि दिग्नाचे लालित्य एका पानावर आले की डोळ्याला जो खडा लागतो तो हेतुपुरस्सर आहे.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जातो. बाबासाहेबांनी हे पुस्तक काढले नाही, लिहिलेही नाही. त्यांच्या आठवणींची संहिता दुसऱ्यांनी बांधली, चित्रे तिसऱ्यांनी काढली, शिवाय पुस्तकात अनेक गोष्टी त्यांच्या निधनानंतरच्या आहेत. मग याला आत्मकथन म्हणावयाचे की चरित्र? काटेकोर वर्गीकरणात हे चरित्रच ठरेल, आणि ग्रंथपालाने ते तेथे ठेवावे. परंतु स्पीगलमननेही पित्याचीच कथा सांगितली, आणि तिच्यात ती कथा मिळविताना झालेल्या बापलेकांच्या भांडणांसकट स्वतःला घातले, म्हणून ती त्याचीही झाली. व्याम स्वतःला पात्र म्हणून त्या रीतीने कथेत घालीत नाहीत. परंतु दिग्नाच्या प्रत्येक वळशात त्यांचे घर, त्यांची भिंत आणि एका वंचित समाजाने दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी उतरली आहे. ‘मी’ हा शब्द बाबासाहेबांचा, हात व्यामांचा. अशा पुस्तकात ‘मी’ कोण, हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत पाच गुणांना विचारण्यापेक्षा वर्गात दोन तास भांडण्याच्या लायकीचा आहे.

अशा पानाचे विश्लेषण लिहिताना विद्यार्थ्याने एवढे पथ्य पाळावे की, चित्रात काय आहे याची यादी करून थांबू नये आणि चित्र मला किती भावले हेही सांगत बसू नये. नजर पानावर प्रथम कोठे पडते आणि तेथून तिला कोठे नेले जाते, कोणाचे डोळे कोणाकडे आहेत, कोणती आकृती मोठी केली आहे आणि मजकुरात ती तेवढी मोठी आहे का, मजकुरातील कोणता तपशील चित्राने गाळला आणि कोणता पदरचा घातला, या प्रश्नांचा पाठपुरावा पंचनामा करणाऱ्या अंमलदाराच्या चिकाटीने करावा. विशेषतः गाळलेल्याचा. मसूरच्या कथेत मुलांचे ते नवे कपडे आणि रेशीमकाठी धोतरे फार महत्त्वाची आहेत, कारण त्या कपड्यांमुळेच स्टेशनमास्तर प्रथम त्यांना सोयऱ्यासारखे वागवितो. चित्रात त्या कपड्यांचे काय झाले हे प्रत्येकाने स्वतः पाहून लिहावे.

बाराव्या खंडातील त्या आठवणी अवघ्या काही पानांच्या आहेत, एका संध्याकाळी वाचून होतात. महाविद्यालयांतील मराठी आणि इंग्रजी विभागांना माझी विनंती आहे की त्या आठवणी आणि ‘भीमायन’ ही दोन्ही एकाच आठवड्यात, शेजारी शेजारी ठेवून शिकवावीत. वसईला आत्मचरित्रांचे वावडे नाही. दिब्रिटोंचे ‘नाही मी एकला’ घरोघर वाचले गेले आहे. परंतु या जिल्ह्यातील कोणा वारली तरुणीने आपल्या शाळेची, आपल्या पाड्यावरील पाण्याची, वीटभट्टीवर गेलेल्या उन्हाळ्याची हकीकत आपल्याच रेषेत सांगितलेले पुस्तक माझ्या टेबलावर अद्याप आलेले नाही. ते यावे अशी इच्छा असेल तर पालघर-वसईच्या महाविद्यालयांनी वारली चित्रकारांना स्नेहसंमेलनाच्या भिंती रंगविण्यासाठी बोलावणे पुरे करून वाङ्मयाच्या वर्गात व्याख्याते म्हणून बोलवावे, आणि इतर व्याख्यात्यांना देतात तेवढेच मानधन त्यांनाही द्यावे.